डाव्या बाजूचं दार

२ जानेवारी २००५, रविवार

खतवाल्याकडून यंदा पाच डायऱ्या आल्या. दोन गोरखने घेतल्या, दोन नातीने, संस्कृतीने, चित्रं काढायला पळवल्या, ही मी उशीखाली ठेवली. जुन्नरच्या शाळेत अकरावी झालेली बाई आहे मी, निबंधाला बक्षीस मिळालेलं. पण तेहतीस वर्षांपूर्वी ह्या घरात आले तेव्हापासून डब्यांवरच्या चिठ्ठ्या सोडल्या तर काही लिहिलं नाही. आता लिहीन म्हणते. कोणी वाचायची भीती नाही. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, अक्षर येत नाही आणि मुलाला-सुनेला, गोरख-अश्विनीला, सवड नाही.

मनातलंच लिहिते. मला एकदा ह्यांच्या शेजारी निवांत बसायचं आहे. एवढंच. बावन्न वर्षांच्या बाईने हे लिहावं का, असं लिहितानाच वाटलं, पण खरं तेच आहे. आत्याबाईंच्या पुढ्यात मी ह्यांच्या शेजारी कधी बसले नाही. सत्यनारायणाला बसतो, पण तिथे सगळं भटजी बोलतात. जेवायला हे आधी, मी मागून. टीव्हीला हे खुर्चीत, मी स्वयंपाकघराच्या दारात. मला हाक "गोरखची आई". माझं नाव सारजा आहे हे ह्या घरात फक्त रेशनकार्डाला माहीत.

बारा एकर द्राक्षबाग, माल दुबईला जातो, पुण्यात दोन फ्लॅट. सगळं आहे. शेजारी बसायला तेवढी जागा नाही.

१२ जानेवारी, बुधवार

गाडी दाखवायला आळेफाट्याला जाऊन आलो. दर बुधवारचं ठरलेलं. गाडी म्हणजे काय, तर ९२ सालची पांढरी मारुती. बागेचा पहिला पैसा आला तेव्हा घेतली ती अजून तीच. गावात तिला काडेपेटी म्हणतात. ज्यांच्या बागेत ह्यांनी छाटण्या शिकवल्या त्यांच्या दारात आज मोठाल्या गाड्या आहेत.

का बदलत नाही, असं विचारलं की ह्यांच्याकडे दर माणसाला वेगळं कारण. गोरखला सांगतात, ॲव्हरेज चांगलं देती. व्याह्यांना सांगतात, मळ्याचा रस्ता अरुंद हाय. सरपंचाला सांगितलं, लोकांच्या डोळ्यावर कशाला यायचं. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "सवय झालीय." ह्या माणसाच्या पोटात काय आहे ते देवाला ठाऊक.

गाडीला होत काहीच नाही. गेणभाऊ मिस्त्री बॉनेट उघडतात, आत बघतात, "ठीक हाय दादा" म्हणतात आणि बॉनेट लावतात. मग आम्ही समोर चहा घेतो आणि परत. पण मला यावंच लागतं. हे म्हणतात, एका बाजूला वजन नको, चाकं झिजतात.

आत्याबाई येत नाहीत. त्यांना ही गाडी लागते. हे एक नवलच आहे. ट्रॅक्टरवर बसून त्या ओतूरला लेकीकडे जातात, एस.टी.त उभ्याने जुन्नर गाठतात, तेव्हा काही होत नाही. मारुती नुसती अंगणात उभी असली तरी पदर नाकाला लावतात. "तुमी जा बाई, मला मळमळतंय." गेली बारा वर्षं हेच.

आणि ते दार. माझ्या बाजूच्या दाराचं आतलं हँडल ९४ साली तुटलं. बाहेरून उघडतं, आतून नाही. म्हणजे दर वेळी ह्यांनी उतरायचं, पुढून बॉनेटवर हात टेकत वळसा घालून यायचं आणि दार उघडायचं, तेव्हा मी बाहेर. ह्या गाडीची काच बदलली, सीट बदलल्या, क्लच दोनदा बदलला. ते एवढंसं हँडल ह्या माणसाला बदलता आलं नाही. "पार्ट मिळत न्हाई," म्हणतात. अकरा वर्षं मिळत नाही.

२० फेब्रुवारी, रविवार

आज शरमेने मेले. मंचरला अश्विनीच्या चुलत बहिणीचं लग्न होतं. कार्यालयाच्या दारात सगळ्या बायका नटून उभ्या. आमची काडेपेटी दोन मोठ्या गाड्यांच्या मधे जाऊन थांबली. हे उतरले, फेटा सावरला, वळसा घालून आले आणि सगळ्यांच्या देखत माझं दार उघडलं. विहीणबाई, म्हणजे अश्विनीची आई, मोठ्याने म्हणाल्या, "काय व्याही, ड्रायव्हरचा पगार वाचवला जणू." बायका पदर तोंडाला लावून हसल्या. हेही हसले. ह्यांना कशाचंच काही वाटत नाही.

पुढे तर कहर. मंगलाष्टकांच्या आधी माईकवर पुकारा झाला. "पांढऱ्या रंगाची जुनी मारुती कोणाची असंल त्यांनी बाजूला घ्यावी. बँडवाल्यांची गाडी आत घ्यायची हाय." तीनदा पुकारलं. बँडवाल्यांची गाडी आमच्यापेक्षा मोठी होती.

परतताना मी घोडेगाव फाट्यापर्यंत तोंड उघडलं नाही. मग हेच म्हणाले, "सारजा, भाजी खारट व्हती का गं?" गाडीत हे मला नावाने हाक मारतात. इंजिनाचा आवाज मोठा, कोणाला ऐकू जातंय. मी म्हटलं, "भाजीचं सोडा. माझी शोभा झाली." तर म्हणाले, "जेवण तर तेच मिळालं की आपल्याला." काय करावं ह्या माणसाचं.

९ मार्च, बुधवार

आळेफाट्याऐवजी आज मंचरला. पारसमलशेठ ह्यांचे जुने मित्र, कांदा-बटाट्याची आडत आहे. त्यांची परिस्थिती आमच्या चौपट. मागच्या वर्षी त्यांनी मोठी गाडी घेतली, ड्रायव्हर ठेवला, आणि वर्षभरात विकून परत जुनी फियाट काढली. हे आणि ते फियाटचं बॉनेट उघडून अर्धा तास आत बघत होते.

मी रुक्मिणीबाईंना, शेठच्या बायकोला, हळूच विचारलं, मोठ्या गाडीत कसं असतं हो? त्या म्हणाल्या, "मागे खूप जागा. पाय लांब करून झोपले तरी कोणाला लागत नाहीत." मग विकली कशाला? "आता काय सांगू," म्हणाल्या आणि हसून चहा ओतायला लागल्या. पैसेवाल्या माणसांची तऱ्हाच अशी. आमच्याकडे एक, त्यांच्याकडे एक.

पण माझ्या डोक्यात ती मागची सीट बसली. घरी येईपर्यंत मी तेच बघत होते. भागू गाडी चालवतोय, पुढे रस्ता, आणि मागे आम्ही दोघं शेजारी शेजारी. ह्यांचे हात मोकळे. ना गिअर ना क्लच, ना ट्रकवाल्यांकडे बघायचं. निवांत बोलायचं. भागू हा ह्यांच्या भावकीतला, पंचेचाळिशीचा, वीस वर्षं ट्रक चालवून आता घरी बसलाय. त्याचीही सोय होईल.

१६ मार्च, बुधवार

आज धीर केला. आळेफाट्याहून येताना म्हटलं, "मला आता मागे बसायचंय."

"मागं?"

"हो. मोठी गाडी घ्या, भागूला ठेवा. मी मागे बसते."

"तुमच्याजवळ" हा शब्द अगदी ओठांवर होता. तेवढ्यात शेजारून कांद्याचा ट्रक गेला, आणि मला लाज वाटली. नाही म्हणवलं.

मग त्यांनी विचारलं, "म्होरं काय तरास व्हतो का तुला?"

मी थट्टेने म्हटलं, "तरास म्हणजे, गाडी एवढीशी. गिअर टाकताना दर वेळी तुमचा हात माझ्या गुडघ्याला लागतो."

काय बिनसलं कळेना. मळ्यापर्यंत तिसऱ्याच गिअरवर गाडी आणली. चढाला इंजिन नुसतं घुसमटत होतं, तरी बदलला नाही.

१८ मार्च, शुक्रवार

जिंकले. सकाळी चहा घेताना हे गोरखला म्हणाले, "तुला पायजे ती मोठी गाडी बघ. तुझ्या आईला मागं बसायचंय." गोरखला खरं वाटेना. चार वर्षं तो मागे लागला होता तेव्हा दाद दिली नाही, आणि माझ्या एका शब्दावर. अश्विनी म्हणाली, "आत्या, तुम्ही जादू केली." मी शिरा केला. ह्यांनी घेतला नाही, पित्त झालंय म्हणाले.

९ एप्रिल, शनिवार. गुढीपाडवा

गाडी आली. चंदेरी रंग, काळ्या काचा, आत गारवा. हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबं ठेवली. गोरखने मारुती गेणभाऊकडे विकायला नेऊन लावली. नेताना हे बागेत होते.

अख्खं घर लेण्याद्रीला निघालं. आत्याबाई आपणहून पायरीवर पाय ठेवून आत. मी म्हटलं, "तुम्हाला लागेल हो गाडी." म्हणाल्या, "बघू. लागली तर सांगीन." जुन्नर आलं, गेलं, लेण्याद्रीचा डोंगर आला, तरी त्यांना काही झालं नाही. वाटभर मिश्री लावत होत्या. गारव्याने लागत नसेल.

ह्यांच्यासाठी मी मागे माझ्या शेजारी पिशवी ठेवून जागा धरली होती. हे भागूच्या शेजारी पुढे बसले. पहिलाच दिवस आहे, रस्ता दाखवायला बसले असतील.

१३ एप्रिल, बुधवार

आळेफाट्याला जायचं काही कारण उरलं नाही. नव्या गाडीला बघायचं काय. दुपारभर मी गहू निवडले.

२७ एप्रिल, बुधवार

आज दोघंच निघालो होतो, नारायणगावच्या बँकेत सह्या करायला. आत्याबाईंना मीच म्हटलं, ऊन आहे, तुम्ही राहा. पातळ चांगलं नेसले. मागे बसले, सरकून जागा केली. हे पुढे.

न राहवून म्हटलं, "मागे या की, पाय पसरता येतात." हे मान वळवून म्हणाले, "भागू काय पगारी माणूस हाय का? भावकीतला हाय. त्याला एकट्याला म्होरं बसवून मी मागं बसलो तर बरं दिसंल का?"

खरंच आहे. बरं दिसणार नाही. भावकीतल्या माणसाला ड्रायव्हर केल्यासारखं होईल, आणि हे बायकोशेजारी मागे रेलून बसले असं गावभर होईल ते वेगळंच. एवढं साधं मला कसं सुचलं नाही? मळ्यापासून बँकेपर्यंत मी ह्यांची मान बघत होते. मानेवरचे केस पार पांढरे झालेत. शेजारी बसायचे तेव्हा ते कधी दिसले नव्हते.

दार भागूने उघडलं. चटकन उतरला, चटकन उघडलं. चांगला माणूस आहे.

११ मे, बुधवार

पंधरा दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही झालंच नाही, हेच लिहायचं होतं.

आज मला एक गोष्ट कळली. संस्कृतीच्या शाळेचं ह्यांना विचारायचं होतं, जुन्नरला घालायची की पुण्याला. घरभर जागा शोधत फिरले. ओट्यावर आत्याबाई, माजघरात अश्विनी, बागेत गडी, गाडीत भागू. तेव्हा लक्षात आलं की गेल्या बारा वर्षांत आम्ही जे काही ठरवलं ते त्या काडेपेटीत ठरवलं. गोरखचं लग्न ठरवलं, बोअर कुठे घ्यायची ते ठरवलं. माझा भाऊ वारला तेव्हा ओतूरच्या पुढे गाडी बाजूला घेऊन हे तासभर माझ्याजवळ नुसते बसले होते. पुसायला काही नव्हतं, तर गाडी पुसायचं फडकं दिलं. तेलकट होतं. मी त्यानेच तोंड पुसलं.

म्हणजे जे मागत होते ते माझ्याकडे होतं. दर बुधवारी होतं. आणि मी तोंडाने सांगून ते घालवलं. मला त्यांची आठवण येते, आणि माणूस तर ओट्यावर बसलाय. हे कोणाला सांगू?

हेही आता बोलत नाहीत फारसं. परवा आत्याबाई त्यांना म्हणाल्या, "धर्मा, इंजान बंद पडल्यागत काय बसतोस?" हे उठून बागेत गेले.

१८ मे, बुधवार

आजचं आजच लिहिते.

आत्याबाई ओतूरला लेकीकडे गेल्यात. गोरखने सांगितलं, गाडीच्या चाकाचं काही तरी बघून घ्या. भागू म्हणाला, आळेफाट्याला टायरवाला चांगला आहे. मी म्हटलं, मीही येते, बांगड्या घ्यायच्यात. कशाच्या बांगड्या.

टायरवाल्याच्या दोन दुकानं पलीकडे गेणभाऊंचं गॅरेज. हे आणि भागू चाकापाशी उभे राहिले, मी रस्ता ओलांडून गेले. मारुती लिंबाच्या झाडाखाली उभी होती, धुऊन पुसून. काचेवर चुन्याने "विकणे आहे" लिहिलेलं. मी दार उघडून माझ्या जागेवर बसले. सीटला अजून तोच वास. दार लावून घेतलं आणि मग मला जे रडू आलं ते आवरेना.

गेणभाऊ धावत आले. "वहिनी, बरं वाटत न्हाई का? पाणी आणू?"

मी म्हटलं, काही नाही, ऊन लागलं. विचारलं, कोणी घेतली का गाडी? म्हणाले, "बेल्ह्याचा एक मास्तर हाय, रविवारी येणार हाय न्यायला. सगळं ठाकठीक करून ठेवलंय. आतलं हँडल बी नवं टाकलं तुमच्या बाजूचं, बघा."

बघितलं. नवं, काळंभोर, चकचकीत हँडल.

"मिळालं का हो शेवटी?" मी म्हटलं. "अकरा वर्षं मिळत नव्हतं ना."

गेणभाऊ हसायला लागले. "न मिळायला काय झालं वहिनी? मारुतीचा पार्ट हाय, पैशाला पासरी मिळतो. तुटलं त्याच आठवड्यात पुण्याहून मागवला मी. त्या फळीवर पडून व्हता इतकी वर्षं. बसवू का म्हटलं की दादा म्हणायचे, ऱ्हाऊ दे. दर बुधवारी इचारायचो, दर बुधवारी ऱ्हाऊ दे. मी बी मग इचारायचं सोडलं."

गेणभाऊ पाणी आणायला गेले. मी त्या हँडलकडे बघत बसले.

जो माणूस चार माणसांत मला पाण्याचा तांब्या देऊ शकत नाही, त्याने अकरा वर्षं उन्हापावसात वळसा घालून माझं दार उघडलं. मंचरच्या कार्यालयात सगळ्या बायकांसमोर उघडलं, आणि मी शरमेने मेले होते. आणि मी त्या माणसाला म्हटलं, मला मागे बसायचंय. तुमचा हात लागतो, म्हटलं. अगं बाई. काय समजले असतील ते.

तेवढ्यात हे शोधत आले. ड्रायव्हरच्या बाजूला उभे राहिले, वाकून आत बघितलं. मी डोळे पुसले नाहीत.

"इथं काय करतीस? चाकं झाली. उतर."

मी हात मांडीवर ठेवले. "दार उघडत नाही."

त्यांची नजर त्या नव्या हँडलवर गेली. मग माझ्याकडे. मग परत हँडलवर. पोरासोरांची चोरी सापडावी तसं तोंड झालं त्यांचं. मग सरळ झाले, बॉनेटवर हात टेकत पुढून वळसा घातला, आले, आणि बाहेरून दार उघडलं.

मी उतरले नाही. म्हटलं, "मला मागे बसायचं नव्हतं. तुमच्या शेजारी बसायचं होतं. मला वाटलं मोठ्या गाडीत मागे दोघं बसू. ते म्हणायचं राहिलं माझं."

"राहिलं?"

"ट्रक गेला मधेच."

रस्त्यावर नाशिकची एस.टी. येऊन थांबली होती, माणसं चढत-उतरत होती, पलीकडे भागू कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत होता. आणि हे सगळ्यांच्या देखत, इंजिन बंद असताना म्हणाले, "सारजा, दोन महिने मला जेवान गोड लागलं न्हाई गं."

गेणभाऊ पाण्याचा तांब्या घेऊन आले. ह्यांनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि मला दिला. मी प्यायले.

मग ह्यांनी दार लावलं, वळसा घालून पलीकडे गेले, आपल्या जागेवर बसले. "गेणभाऊ, मास्तरला दुसरी गाडी बघा. आणि हे हँडल काढा. जुनं बसवा."

"दादा, जुनं तुटकं हाय."

"तेच बसवा."

भागूला हाताने खूण केली, तू हो म्होरं. येताना चढाला त्यांनी दुसरा गिअर टाकला. हात लागला. मी गुडघा हलवला नाही.

२५ मे, बुधवार

मोठी गाडी गोरख-अश्विनी वापरतात. पोरं खूश आहेत.

आत्याबाई परवा ओतूरहून आल्या. अंगणात मारुती बघितली, पदर नाकाला लावला आणि म्हणाल्या, "आली का परत ही? मला न्हाई बसायचं बाई हिच्यात. मळमळतं." म्हाताऱ्या माणसाचं काही कळत नाही.

आज जेवणं झाल्यावर ह्यांनी चावी काढली. "चल गोरखची आई, गाडी दाखवून येऊ."

आत्याबाईंनी विचारलं, "आता रं काय बिघाडलं?"

हे म्हणाले, "दार."